अंबरनाथचे शिवालय : एका रात्रीची कथा आणि अनेक हातांचे काम

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीने अंबरनाथला उतरावे, स्टेशनच्या पूर्व बाजूस यावे आणि रिक्षावाल्यास नुसते 'शिवमंदिर' एवढे म्हणावे. पुढचे काही सांगावे लागत नाही. वस्ती, दुकाने, वाहनांची गर्दी ओलांडून आपण वालधुनी नदीच्या काठी येतो आणि समोर काळ्या दगडाचे एक पुरातन देवालय दिसते. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्या आपणा लोकांना जुने पाहावयाचे म्हटले की वेरूळ आठवते, अजिंठा आठवते. पण लोकलच्या अंतरावर साडेनऊशे वर्षांहून जुनी आणि तारीखवार नोंद असलेली अशी वास्तू उभी आहे, याचे भान फार थोड्यांना असते. या देवालयाची कथा, त्याची बांधणी आणि तेथील पूजापरंपरा यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

मी काही पुरातत्त्वाचा पंडित नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेले. जे वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्यामुळे या देवळाकडे मी पाहतो तो भक्ताच्या किंवा विद्वानाच्या नजरेने जितका, तितकाच काम करणाऱ्या माणसाच्या नजरेने. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

लोककथा काय सांगते

पंचक्रोशीत सर्वांच्या तोंडी असलेली कथा अशी. पांडव वनवासात असताना या भागात आले. त्यांनी एका रात्रीत, एकाच शिळेतून, महादेवाचे देऊळ उभारावयास घेतले. काम होत आले, शिखराचा शेंडा तेवढा राहिला. तोच पहाट झाली आणि पांडवांना काम टाकून जावे लागले. म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही. तेथूनच एक भुयार निघते व दूर कोठेतरी जाते, असेही सांगणारे सांगतात.

अशा कथांना हसू नये. महाराष्ट्रात पांडवांनी एका रात्रीत बांधलेली देवळे आणि खोदलेली लेणी कितीतरी आहेत. जेथे बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेली आणि काम मात्र माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटले, तेथे लोकांनी पांडवांना बोलावले. शिवाय या कथेत एक बारीक निरीक्षणही आहे. शिखराचा वरचा भाग आज जागेवर नाही आणि गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले तर खरोखरच आकाश दिसते. डोळ्यांना दिसणाऱ्या या गोष्टीचे कारण लोकांनी आपल्या परीने दिले. अंबर म्हणजे आकाश, म्हणून हा अंबरनाथ, अशी नावाची फोडही त्याच निरीक्षणातून आली आहे. कथेत चूक एवढीच, की ज्यांनी काम केले त्यांच्या हातून ते काढून घेऊन तिने ते देवादिकांच्या पदरी घातले.

दगडात कोरलेली तारीख

सुदैवाने या देवळाने आपला जन्मकाळ स्वतःच नोंदवून ठेवला आहे. उत्तरेकडील दरवाजाच्या तुळईवर, आतल्या बाजूस, एक छोटा संस्कृत शिलालेख आहे. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार अशी त्यात मिती आहे. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. लेखात महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे नाव येते. यालाच मुम्मुणि असेही म्हणतात. हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा.

या लेखाच्या वाचनाची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईचे थोर विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला, तेव्हा त्यांनी शक ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासून आकडा ९८२ आहे असे दाखवून दिले. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले आणि शिलाहारांचा इतिहास नीट जुळला. भगवानलालजी हे भाऊ दाजींच्याच हाताखाली काम करून तयार झालेले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसास पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली. ज्याच्याकडे शिकलो त्याचेही वाचन पुन्हा तपासावे आणि तरी त्याच्याविषयी आदर ठेवावा, हा धडा माझ्यासारख्या वाचनालयात शिकलेल्या माणसास फार मोलाचा वाटतो.

आता शिलाहार कोण, ते थोडक्यात पाहू. प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेले हे घराणे नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर राज्य करीत होते. आपले ठाणे, म्हणजे त्या काळचे श्रीस्थानक, हे त्यांचे प्रमुख नगर. कल्याण त्याहूनही जुने. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी आढळतात. बंदरे, जकात आणि समुद्रापलीकडचा व्यापार यांवर हे राज्य पोसले गेले. घराणे शिवभक्त होते. झंझ नावाच्या राजाने शंकराची बारा देवळे बांधली असे त्यांचेच ताम्रपट सांगतात. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. 'उदयसुंदरीकथा' लिहिणाऱ्या सोड्ढल कवीस या तिघांचाही आश्रय होता. अंबरनाथच्या लेखात थोरल्या छित्तराजाचेही नाव आहे. त्यावरून, थोरल्याच्या काळी आरंभलेले काम धाकट्याच्या काळी पुरे झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे एका रात्रीचे नव्हे, एका राजाच्या कारकीर्दीतही न मावलेले हे काम.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले देऊळ दिसले की आपण त्यास 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथचे देऊळ त्याच्या आधी दोनशे वर्षे उभे होते. इतकेच नव्हे, तर हेमाद्रीचा धनी महादेव यादव यानेच उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य बुडविले.

बांधणी कशी आहे

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. पुढे मंडप व मागे गाभारा असा साधा विचार. पण मंडपास पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे तीन दरवाजे असून प्रत्येकापुढे खांबांचा मुखमंडप आहे. समोर नंदी. आत शिरताच मध्यभागी चार खांब लागतात. त्यांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हाताएवढी जागाही कोरी सोडलेली नाही.

मान वर करून छत पाहावे. हे छत कमानीच्या तत्त्वावर उभे नाही. दगडांचा एक थर, त्याच्यावर किंचित आत सरकवलेला दुसरा, त्याच्यावर आणखी आत सरकवलेला तिसरा, अशी वर्तुळे लहान लहान होत जाऊन मध्ये मिळतात. प्रत्येक दगडाची आत आलेली बाजू मागच्या बाजूवरच्या वजनाने दाबून धरलेली असते. हिशेब चुकला की सगळेच खाली. हे गणित ज्यांनी केले त्यांनी छताला ओझे दिसू दिले नाही. तेथे उमललेले फूल दिसते.

दगड येथलाच, सह्याद्रीचा काळा कातळ. तो वाळूच्या दगडासारखा छिन्नीला सहज वश होत नाही. चुना न वापरता, दगडाला दगड घासून व खाचेत अडकवून रचावयाचे, म्हणजे प्रत्येक सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत जुळले पाहिजेत. आमच्या कारखान्यांतला फिटर ज्याला 'बसणी' म्हणतो, ती येथे हजारो ठिकाणी साधली आहे.

शिखराचा प्रकार 'भूमिज' होय. चारही बाजूंच्या मध्यावरून खालून वर एकेक नक्षीदार पट्टी चढत जाते. तीस लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत मुख्य शिखराच्याच लहान लहान प्रतिकृती आडव्या व उभ्या ओळींत रचलेल्या असतात. माळव्यात परमार राजांच्या आश्रयाने ही पद्धत बहरली. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात तिचे वर्णन आहे, आणि मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हा तिचा प्रसिद्ध नमुना, तोही याच अकराव्या शतकातला. भोजाने कोकणावर स्वारी करून विजय मिळविल्याचे त्याचे १०२० सालचे ताम्रपट सांगतात. राजे लढत होते, पण शिल्पाची रीत या प्रांतातून त्या प्रांतात जातच होती. आपल्याकडे सिन्नरचे गोंदेश्वर हे याच प्रकारचे पुढील काळातले देऊळ आहे. दोन्ही पाहून तुलना करण्याजोगी आहेत.

बाहेरच्या भिंतींना असंख्य कोन दिलेले आहेत. त्यामुळे सूर्य जसा सरकतो तशी सावली सरकते आणि एकच भिंत दिवसातून अनेक वेळा बदलते. तळाच्या थरांत कीर्तिमुखांच्या, हत्तींच्या, माणसांच्या रांगा. त्यांच्या वर देवदेवता : नृत्य करणारा शिव, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचे लग्न, गणेश, महाकाली, ब्रह्मदेव. शिव, विष्णू, ब्रह्मा आणि सूर्य यांना एकाच देहात एकत्र केलेली 'हरिहरपितामहार्क' मूर्ती विशेष पाहण्यासारखी आहे. शिवाच्या देवळाच्या भिंतीवर बाकीच्या देवांनाही मानाने जागा देणारी ती दृष्टी होती. देवांच्या मधून मधून आरशात पाहणाऱ्या, नाचणाऱ्या स्त्रिया आहेत, तपस्वी आहेत. पुष्कळ चेहरे पाऊसवाऱ्याने झिजले आहेत. १८६८ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या मंडळींनी या देवळाची चित्रे काढली व शिल्पांचे ठसे घेतले. या देशात प्राचीन वास्तूची अशी पद्धतशीर नोंद करण्याच्या पहिल्या प्रयत्नांत त्या कामाची गणना होते.

कोणी बांधले?

शिलालेखात राजाचे नाव आहे, त्याच्या अमात्यांची व अधिकाऱ्यांची नावे आहेत. छिन्नी धरणाऱ्याचे नाव नाही. सगळीकडे असेच होते असे नाही. कर्नाटकात होयसळांच्या देवळांवर मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी आपल्या मूर्तींखाली नावे कोरली आहेत. इजिप्तमध्ये तर राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीचे हजेरीपट आणि धान्यवाटपाचे हिशेब सापडले आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, मजुरीचे धान्य थकले म्हणून त्या कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळाजवळ जाऊन बसले. जगाच्या इतिहासात नोंदलेला तो पहिला संप मानतात. त्यांची मागणी आपल्याला कळते, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली.

अंबरनाथला लिहिलेले नाही, तेव्हा कामच वाचावे लागते. खाणीत कातळ फोडणारे वेगळे, तो घडविणारे पाथरवट वेगळे, मूर्ती कोरणारे त्याहून वेगळे. छिन्न्या बोथट होणार, म्हणजे लोहाराची भट्टी रोज पेटलेली हवी. दगड आणावयास गाडे व बैल हवेत, वर चढवावयास दोर, लाकूड, मातीचे उतार आणि ते उतार घालणारे बेलदार हवेत. या सर्वांस एका मापात बांधणारा सूत्रधार हवा. पावसाळ्यात कोकणात काम किती चालणार? म्हणजे कोरड्या महिन्यांतच उरक. आणि या सगळ्यांच्या चुली पेटावयाच्या म्हणजे धान्य, सरपण आणि दळणारे, रांधणारे हात हवेत. ते बहुतेक बायकांचे असणार. 'एका रात्रीत' या दोन शब्दांत एवढा जनसमूह नाहीसा होतो. म्हणून मला वाटते, देवळात मुलांना कथा अवश्य सांगावी आणि लगेच पुढे हेही सांगावे.

पूजापरंपरा

देऊळ भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असले, तरी ते संग्रहालय झालेले नाही. तेथे आजही नित्य पूजा चालते. मंडपातून गाभाऱ्यात जावयाचे ते वर चढून नव्हे, सुमारे वीस पायऱ्या उतरून. पिंडी तळाशी आहे व ती स्वयंभू मानली जाते. जमिनीच्या पातळीखाली असलेला गाभारा औंढा नागनाथासही आढळतो. पण अंबरनाथला अंधारात उतरल्यावर वरून उजेड येतो, हा अनुभव निराळाच. भक्त पाणी घालतो, बेल वाहतो, आणि आला त्याच पायऱ्यांनी परत वर येतो. पायऱ्या अरुंद असल्याने कोणालाही रांगेतूनच जावे लागते.

श्रावणातल्या सोमवारी गर्दी असते. पण खरा उत्सव माघ वद्य चतुर्दशीचा, महाशिवरात्रीचा. आदल्या मध्यरात्रीपासून रांग लागते. गाड्या भरभरून माणसे येतात, जत्रा भरते, पाळणे लागतात, खेळणी-मिठाईची दुकाने मांडली जातात. गावोगावचे आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी, उल्हासनगरचे सिंधी, कारखान्यांत आलेले उत्तरेचे व दक्षिणेचे कामगार, सर्व त्या रांगेत असतात. रात्रपाळी सुटलेला माणूस डबा हातात घेऊन तसाच रांगेत उभा राहतो, हे मी दरवर्षी पाहतो.

ही सर्वांची रांग आपोआप झालेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला, तरी दरवाजा उघडला नाही. मुंबई प्रांतात अस्पृश्य मानलेल्यांना देवळांत जाण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो १९४७ साली, आणि १९५६ च्या कायद्याने तो सर्व हिंदूंसाठी अधिक स्पष्ट झाला. या देवळाच्या साडेनऊशे वर्षांत तो हक्क शंभर वर्षांचाही नाही.

नदीचा प्रश्न

देऊळ नदीकाठी बांधले ते उगाच नव्हे. स्नान, अभिषेक, बांधकाम, सर्वांस पाणी लागते. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी वाहत उल्हास नदीस मिळते. विसाव्या शतकात या भागात काडेपेट्यांचा कारखाना आला, शस्त्रास्त्रांचा आला, मग औद्योगिक वसाहती आल्या. हजारो कुटुंबांना भाकरी मिळाली, आणि नदीचे गटार झाले. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला व शेकडो रहिवाशांना त्याची बाधा झाली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल जबाबदार संस्थांना मोठा दंड ठोठावला.

या प्रश्नावर कामगार संघटनांना बोलणे अवघड जाते, असे म्हणतात. कारखाना बंद पडला तर आमचाच माणूस रस्त्यावर येतो, ही भीती खोटी नाही. पण मी ज्या कारखान्यांत संघटना बांधली त्यांपैकी एकात रात्रपाळीच्या माणसास नाल्याकडची झडप उघडण्याचा तोंडी हुकूम मिळत असे. लेखी मागितला की कोणी देत नसे. सकाळी वास सुटला की लोक बोट दाखवीत ते गणवेशातल्या कामगाराकडे. आम्ही ठराव केला की लेखी हुकमाशिवाय झडपेस कोणी हात लावणार नाही. काही आठवडे वादावादी झाली, दोघांना निलंबनाची पत्रे मिळाली व बोलणी होऊन ती मागे घेतली गेली. पण झडप बंद राहिली आणि कारखानाही बंद पडला नाही. नदी की नोकरी, असा प्रश्न मांडणाऱ्यांना मी हा अनुभव सांगतो.

देवळासंबंधी कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. परंतु हवेतील आम्लास आणि नाल्यातील रसायनास ही मीटरांची रेघ अडवीत नाही. परिसर सुशोभित करावा, फरसबंदी घालावी, दिवे लावावे, हे सर्व ठीक. पण शंकराच्या पायथ्याशी वाहणारे पाणी हातात घेण्याजोगे नसेल, तर त्या सुशोभनास अर्थ किती, याचा विचार तुम्हांआम्हांसच केला पाहिजे. नगरपालिकेत निवडून येणाऱ्यांना मते मागताना हा प्रश्न विचारणारे नागरिक हवेत.

पाहावे कसे

शेवटी थोडी व्यावहारिक सूचना. हे देऊळ प्रथम पाहावयाचे तर शिवरात्रीस जाऊ नये. साध्या दिवशी, सकाळी उन्हे कोवळी असताना जावे. आधी आत शिरू नये. उजवीकडून डावीकडे नव्हे, रीतीप्रमाणे प्रदक्षिणेच्या दिशेने बाहेरून एक पूर्ण फेरी घालावी व फक्त तळाचे थर पाहावे. दुसऱ्या फेरीत मूर्ती, तिसऱ्या फेरीत शिखर. मग पश्चिमेच्या दाराने मंडपात जावे, छताखाली थोडा वेळ थांबावे आणि डोळे सरावल्यावर पायऱ्या उतराव्या. परत येताना उत्तरेच्या दारापाशी तुळईवरचा लेख कोठे आहे ते विचारून पाहावा. अक्षरे लागणार नाहीत, हरकत नाही. मुले बरोबर असतील तर त्यांना एका दगडाचा सांधा बोटाने चाचपावयास सांगावे, आणि हा येथे कसा बसविला असेल, असे विचारावे. मुलांची उत्तरे आपल्यापेक्षा बरी असतात, असा माझा अनुभव आहे.